एक नांव, अनेक गांवें

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुनीं दप्तरें उघडलीं जातात. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या चाळतांना माणसाच्या नांवाशेजारीं त्याच्या गांवाचें नांव लिहिलेलें आढळतें. लिहिणाऱ्याच्या मनांत तें गांव स्वच्छ उभें होतें. त्याहून अधिक कांहीं लिहिण्याची गरज त्यास वाटली नाहीं. परंतु दोन पिढ्या लोटल्या, लिहिणारा गेला, ज्याची नोंद केली तोही गेला, आणि नातवाच्या हातीं एकच शब्द उरला : वडगांव. आतां हें वडगांव कोणतें ? महाराष्ट्रांतील वडगांवांची गणती करावयास बसलें तर दिवस पुरणार नाहीं. वड जेथें जेथें वाढला, तेथें तेथें त्याच्या सावलींत एखादें वडगांव वसलें.

नामसादृश्याचा हा विषय वरवर पाहतां करमणुकीचा आहे, आणि त्यांतील करमणूक आम्ही वाचकांपासून लपवून ठेवणार नाहीं. परंतु त्याच्या पोटांत एक गंभीर गोष्टही आहे. सारख्या नांवामुळें एका गांवचा इतिहास दुसऱ्या गांवाच्या पदरीं पडतो, आणि ज्याचा तो असतो तें गांव रितें राहतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गांवाच्या नुसत्या नांवावर विसंबूं नये. त्या नांवाला जोडलेला दुसरा शब्द आधीं पाहावा. आपल्या करवीर प्रांतापासून आरंभ करून हें म्हणणें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम वडगांवच घेऊं. इतिहासांत इ. स. १७७९ च्या जानेवारींतील वडगांवचा तह प्रसिद्ध आहे. पुण्यावर चालून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगांवाहून माघारी वळली, मराठ्यांनीं तिला वडगांवापाशीं कोंडलें, आणि तिच्या अधिकाऱ्यांस तह लिहून द्यावा लागला. हें वडगांव मावळांतील, पुणें जिल्ह्यांतलें होय. आपल्या हातकणंगलें तालुक्यांतील पेठ वडगांवाशीं त्या तहाचा कांहीं एक संबंध नाहीं. परंतु पेठ वडगांवास दुसऱ्याची कीर्ति उसनी घेण्याचें कारणही नाहीं. मोगलांस जेरीस आणणारे सेनापति धनाजी जाधव यांची समाधि याच गांवीं आहे. एका वडगांवाचा तह आणि दुसऱ्या वडगांवाची समाधि यांची गल्लत न होऊं देणारे शब्द दोनच : 'मावळ' आणि 'पेठ'.

आमच्या पूर्वजांनीं ही युक्ति फार पूर्वीं शोधून काढली होती. एका नांवाचीं दोन गांवें शेजारीं असलीं म्हणजे मोठ्यास बुद्रुक आणि धाकट्यास खुर्द म्हणावें, असा परिपाठ होता. करवीर तालुक्यांतील पाडळी बुद्रुक आणि पाडळी खुर्द हीं अशींच भावंडें. आज कानास अस्सल गांवरान वाटणारे हे दोन्ही शब्द मूळचे फारसी आहेत. 'बुजुर्ग' म्हणजे वडील अथवा थोर, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. महसुली दप्तरांतून ते शेतकऱ्याच्या तोंडीं आले आणि तेथेंच घर करून राहिले. त्याचप्रमाणें जेथें बाजार भरे आणि अंमलदाराचें ठाणें असे, त्या गांवास कसबा म्हणत. साधें खेडें असे तें मौजे. कागल तालुक्यांत कसबा सांगांव आणि मौजे सांगांव आहेत. कोल्हापूर शहरास लागून कसबा बावडा आहे, तर सह्याद्रीच्या माथ्यावर, ढगांच्या शेजारीं, गगनबावडा आहे.

'कसबा' हा शब्द गाळला असतां काय अनर्थ होतो, याचें उत्तम उदाहरण बीड होय. नुसतें बीड म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मराठवाड्यांतील जिल्ह्याचें शहर उभें राहतें. परंतु एक बीड आपल्या करवीर तालुक्यांतही आहे, आणि तें शिलाहार राजांच्या काळच्या खुणा अंगावर बाळगून आहे. रणांत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले वीरगळ तेथें पुष्कळ आहेत. या वीरगळांविषयीं लिहितांना कोणी 'कसबा' हा शब्द विसरला, तर परगांवचा अभ्यासक ते मराठवाड्यांत शोधीत फिरेल, आणि आमच्या मातींतले वीर दुसऱ्यांदा विस्मृतींत जातील.

जोतिबाच्या डोंगरावरील गांवाचें दप्तरी नांव वाडी रत्नागिरी आहे, हें कोल्हापूरकरांस ठाऊकच आहे. समुद्रकांठची रत्नागिरी निराळी. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं इ. स. १८८६ मध्यें आणून ठेविलें तें या दुसऱ्या रत्नागिरीस, इ. स. १९१६ मध्यें तेथेंच त्याचा अंत झाला. तिसरी रत्नागिरी ओडिशांत आहे. तेथील टेकडीवर इ. स. १९५८ ते १९६१ या काळांत उत्खनन होऊन बौद्धांचे मोठे विहार व स्तूप उजेडांत आले. एकाच नांवाच्या या तीन स्थळांपैकीं एकीकडे चैत्रांतील सासनकाठ्या नाचतात, दुसरीकडे एका राजाचा बंदिवास घडला, आणि तिसरीकडे भिक्षूंचें विद्यापीठ नांदलें.

आतांपर्यंतचीं नांवें झाडांनीं, डोंगरांनीं आणि महसुली कारकुनांनीं दिलेलीं. कांहीं नांवें आदरानें दिलीं जातात. तेथें तर गोंधळ अधिकच. राजर्षि शाहू महाराजांनीं इ. स. १८९५ मध्यें गुळाच्या व्यापारासाठीं कोल्हापुरांत शाहूपुरी ही पेठ वसविली. परंतु साताऱ्यासही शाहूपुरी आहे. आणि तें शहर ज्यांनीं वाढविलें ते शाहू छत्रपति निराळे. ते शिवाजी महाराजांचे नातू. त्यांची कारकीर्द इ. स. १७०८ ते १७४९. आपले राजर्षि जन्मले इ. स. १८७४ मध्यें आणि निवर्तले इ. स. १९२२ मध्यें. दोघांमध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे, तरी परप्रांतीयांच्या लेखांत एका शाहूचें कर्तृत्व दुसऱ्याच्या नांवावर चढलेलें दिसतें.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगराची गोष्ट याहून हृदयस्पर्शी आहे. दुसऱ्या महायुद्धांत रशियांत हद्दपार झालेल्या सुमारें ५,००० पोलिश लोकांस इ. स. १९४३ पासून वळिवडें येथील छावणींत आश्रय मिळाला. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें होतीं, आणि बहुतेक सर्व आपल्याच कॅथॉलिक श्रद्धेचीं होतीं. इ. स. १९४८ पर्यंत तीं येथें राहिलीं. त्यांच्या आठवणींत या स्थळाचें नांव 'वळिवडें-कोल्हापूर' असें जोडून येतें. ज्यांचें स्वतःचें गांव हरपलें होतें, त्यांनीं आश्रय देणाऱ्या गांवाचा पत्ता मात्र पुरता लिहून ठेविला. तीं गेल्यावर फाळणीनें घरदार गमावलेले सिंधी लोक त्याच जागीं आले आणि त्या वस्तीचें गांधीनगर झालें. गुजरात राज्य झालें इ. स. १९६० मध्यें; त्याच्या राजधानीची, म्हणजे दुसऱ्या गांधीनगराची, बांधणी त्यानंतरची. तेव्हां लौकिकानें ती राजधानी मोठी असली तरी वयानें आपली ही निर्वासितांची वस्ती वडील आहे. बुद्रुक कोणास म्हणावें आणि खुर्द कोणास, हें वाचकांनींच ठरवावें.

जेता नांव देतो तेव्हां त्यामागें आदर नसतो, मालकी असते. मालवणच्या समुद्रांतील सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया शिवाजी महाराजांनीं इ. स. १६६४ मध्यें घातला. पुढें तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. इ. स. १७६५ मध्यें, महाराणी जिजाबाई कोल्हापूरचा कारभार पाहत असतां, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखालील इंग्रजी आरमारानें तो घेतला आणि त्याचें नांव 'फोर्ट ऑगस्टस' ठेविलें. त्याच नांवाचा एक किल्ला त्या काळीं स्कॉटलंडांत, लॉख नेस या प्रसिद्ध सरोवराच्या टोंकास, उभा होता. राजा दुसरा जॉर्ज याचा पुत्र विल्यम ऑगस्टस याच्या नांवावरून तें नांव पडलें होतें. पुढें दोन्ही किल्ल्यांचें नशीब पालटलें. मालवणचा किल्ला ठेवणें परवडेना आणि पाडणें जमेना, म्हणून पैशाचा करार करून इंग्रजांनीं तो इ. स. १७६६ मध्यें कोल्हापूरकरांस परत दिला; तो कायमचा त्यांच्या हातीं गेला तो इ. स. १८१२ च्या करवीरच्या तहानें. स्कॉटलंडांतील किल्ल्याची जागा इ. स. १८७६ मध्यें बेनेडिक्टाइन संन्याशांस मिळाली. जेथें तोफा होत्या तेथें मठ आणि शाळा उभी राहिली, आणि इ. स. १९९८ पर्यंत तेथें प्रार्थनेचा घोष चालला. तिकडे फोर्ट ऑगस्टस हें नांव गांवास आजही आहे. इकडे मात्र तें वर्षभरांत विरून गेलें, आणि सिंधुदुर्ग हेंच नांव लोकांच्या जिभेवर राहिलें. इ. स. १९८१ मध्यें नव्या जिल्ह्यास तेंच मिळालें, आणि इ. स. २००५ मध्यें पुणें धर्मप्रांतांतून वेगळ्या झालेल्या धर्मप्रांतासही तेंच मिळालें.

कोंकण किनाऱ्यावर असाच दुसरा प्रकार बाणकोटास घडला. कमोडोर जेम्स यानें इ. स. १७५५ मध्यें तो किल्ला आंग्र्यांकडून घेतला, आणि त्यास 'फोर्ट व्हिक्टोरिया' हें नांव पडलें. हें ऐकून बहुतेकांस राणी व्हिक्टोरियाची आठवण होते. परंतु राणीचा जन्म इ. स. १८१९ चा, किल्ल्याचें नांव तिच्याहून साठ वर्षांनीं मोठें. लॅटिन भाषेंत 'व्हिक्टोरिया' म्हणजे विजय. पुढें आफ्रिकेंत इ. स. १८९० मध्यें राणीच्या नांवानें दुसरा फोर्ट व्हिक्टोरिया वसला. तें आजच्या झिंबाब्वे देशांतील मास्व्हिंगो शहर होय. अक्षरें तींच असतांही दोन नांवें एका उगमाचीं नसतात, हें येथें ध्यानीं धरावें.

उगम निराळा आणि नांव एक, असें घडण्याचें मोठें कारण म्हणजे परकी जीभ. आमच्या वसईस पोर्तुगीज 'बासाईं' म्हणत. इंग्रजांनीं त्याचें 'बसीन' केलें. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं जिंकलेली ही वसई, आणि इ. स. १८०२ च्या ३१ डिसेंबरास दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तीही हीच. नागासाकीस इ. स. १५९७ मध्यें हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांची जन्मभूमिही हीच. परंतु ब्रह्मदेशांत, इरावती नदीच्या मुखाजवळ, पथेन नांवाचें एक बंदर आहे. त्याचाही उच्चार इंग्रजांस साधला नाहीं, आणि त्यांनीं त्याचेंही 'बसीन'च केलें ! इ. स. १८५२ च्या युद्धांत इंग्रजांनीं तें बसीन घेतलें. त्यामुळें इंग्रजी कागदांत 'बसीनच्या वेढ्यांत पडलेला शिपाई' असें वाचलें, तर तो अर्नाळ्याच्या वाऱ्यांत पडला कीं इरावतीच्या चिखलांत, हें साल पाहिल्यावांचून कळणें नाहीं. दोन्ही स्थळीं कॅथॉलिक धर्मप्रांत आहेत, आणि दोन्ही स्थळांनीं इंग्रजी नांव टाकून आपापलें मूळ नांव परत घेतलें आहे. तें टाकतांच सादृश्यही संपलें. वसई आणि पथेन यांची गल्लत कोण करील?

खुद्द कोल्हापूर तरी या घोटाळ्यांतून कोठें सुटलें आहे ? तेलंगणांत, नागरकर्नूल जिल्ह्यांत, कोल्लापूर नांवाचें गांव आहे. निजामाच्या अमलांत जटप्रोल संस्थानाचें ठाणें तेथें होतें. शिलाहारांच्या शिलालेखांत आपल्या शहराचें नांव 'कोल्लापुर' असेंच कोरलेलें आहे, म्हणजे जुन्या लेखांत तर दोहोंमध्यें एका अक्षराचाही भेद उरत नाहीं. त्यांतही मौजेची गोष्ट अशी कीं, आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते, आणि तीच कृष्णा पुढें कर्नाटक ओलांडून त्या कोल्लापुराच्या मुलुखांतून वाहते. दोन्ही गांवें एकाच नदीच्या खोऱ्यांतलीं. एकाच्या घाटावरचें पाणी दुसऱ्याच्या रानांत जातें.

याहूनही मागें गेलें तर टॉलेमीपर्यंत जावें लागतें. इ. स. १५० च्या सुमारास या ग्रीक भूगोलकारानें हिंदुस्थानांतील शहरांची यादी केली. तींत 'हिप्पोकूरा' हें नांव दोनदां येतें. एक हिप्पोकूरा समुद्रकांठचें आहे, आणि दुसरें आंतल्या मुलुखांतलें, 'बालेओकूरॉस' नामक राजाची राजधानी आहे. कोल्हापुरांत विळिवायकुर या राजाचीं नाणीं सांपडलीं आहेत, त्यावरून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं टॉलेमीचा राजा तो हाच, असें प्रतिपादन केलें. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत रोमन धाटणीची समुद्रदेवता पोसायडनची ब्राँझची मूर्ति मिळाली, आणि इ. स. १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांचें येणेंजाणें येथवर होतें, हें त्यावरून दिसतें. परंतु टॉलेमीनें 'बालेओकूरॉसची राजधानी' हे शब्द जोडले नसते, तर दोन हिप्पोकूरांतून आंतलें कोणतें, हें कोणास सांगतां आलें असतें ?

केवळ दुसरा शब्दच नव्हे, तर त्याची जागाही महत्त्वाची, हें गोमंतकांत दिसून येतें. तेथें 'गोवा वेल्हा' आणि 'वेल्हा गोवा' अशीं दोन निरनिराळीं स्थळें आहेत. पोर्तुगीज भाषेंत 'वेल्हा' म्हणजे जुनें. शब्द तेच, क्रम उलटा. गोवा वेल्हा हें जुवारी नदीच्या बाजूचें, कदंब राजांचें गोपकपट्टण होय. चाळिशीच्या उपवासकाळांत संतांच्या मूर्तींची प्रसिद्ध मिरवणूक निघते ती येथें. वेल्हा गोवा हें मांडवीच्या कांठचें, आल्बुकर्कनें इ. स. १५१० मध्यें घेतलेलें शहर तें हें, आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचें पवित्र शरीर विसावलें आहे तेंही येथेंच. नवखा यात्रेकरू शब्द उलटे वाचतो, आणि संतांच्या समाधीस निघालेला दुसऱ्याच गांवीं उतरतो.

या बाबतींत पवित्र शास्त्राचे लेखक आम्हांस गुरुस्थानीं आहेत. इस्राएलांत बेथलेहेम नांवाचीं दोन गांवें होतीं. यहोशवाच्या ग्रंथांत उत्तरेकडील जबुलून वंशाच्या वांट्यास आलेल्या गांवांत एक बेथलेहेम सांगितलें आहे. म्हणून मीखा संदेष्ट्यानें तारणाऱ्याचें गांव सांगतांना बेथलेहेमास 'एफ्राथा' हा शब्द जोडला, आणि संत मत्तयानें 'यहूदीयांतील' म्हटलें. नाझरेथाच्या अधिक जवळचें बेथलेहेम तर उत्तरेकडचेंच होतें. तेव्हां हा शब्द जोडणें निरर्थक नव्हतें. तसेंच अंत्युखिया. शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें तें सूरियांतील अंत्युखियांत. संत पौलानें सभास्थानांत मोठें प्रवचन केलें तें पिसिदियाच्या अंत्युखियांत. सेल्युकस राजानें आपल्या पित्याच्या, अंतियोखाच्या, नांवानें अनेक शहरें वसविलीं होतीं; आमच्या शाहूपुरीसारखाच तो प्रकार. प्रेषितांचीं कृत्यें लिहिणाऱ्यानें दुसऱ्या ठिकाणीं 'पिसिदिया' हा शब्द घातला, म्हणून वाचक चुकत नाहीं.

आपल्या मंडळींत गोमंतकांतून आलेलीं, वसईहून आलेलीं, कोंकणपट्टींतून आणि बेळगांवाकडून आलेलीं अशीं अनेक घराणीं आहेत. त्यांच्या मूळ गांवाची आठवण पुष्कळदां एका शब्दावर टिकून आहे. ज्या वडीलधाऱ्यांस त्या शब्दापुढचा दुसरा शब्द ठाऊक आहे, ते आज आपल्यांत आहेत. पुढच्या महोत्सवाच्या वेळीं ते असतीलच असें कोण म्हणेल? म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंति आहे कीं, आजोबांचें गांव खुर्द कीं बुद्रुक, कसबा कीं मौजे, पेठ कीं मावळ, तालुका कोणता, नदी कोणती, हें त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावें. तें घरांतील पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर, साल घालून, शाईनें लिहून ठेवावें. आणि यापुढें नोंदवहींत गांवाचें नांव सांगण्याची वेळ येईल तेव्हां कोणीही एका शब्दावर थांबूं नये.